ताटाखालची सुपारी

माझ्याइतका जुना लेथ आता मेटगळ्ळीत दुसरा नाही. मित्रांनो, हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, अभिमानाने सांगतो. ज्या यंत्रावर लोखंडाचा तुकडा गरगर फिरतो आणि धारदार हत्यार त्याला सोलून हवा तो आकार देते, ते यंत्र म्हणजे मी. पेन्सिलला टोक करताना तुम्ही पेन्सिल फिरवता ना, तसेच हे. फक्त माझी पेन्सिल पोलादाची असते. माझे वय साठीच्या पुढे आहे, वजन दीड टन आहे, आणि आजही मी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत चुकत नाही. नवी यंत्रे बघायला येणारी मुले माझ्यापाशी थांबतात आणि विचारतात, "हा अजून चालतो?" चालतो. का चालतो, ते आज सांगतो.

माझा जन्म बेळगोळचा. धरणाच्या रस्त्यावर तेव्हा एक ओतशाळा होती. एकोणीसशे बासष्टच्या उन्हाळ्यात तिथे वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतले गेले आणि माझी पाठ तयार झाली. मला वाटले, आता लगेच तासतील, रंगवतील, कामाला लावतील. तसे काहीच झाले नाही. ओतशाळेचे मिस्त्री रघुनाथराव यांनी मला मागच्या अंगणात, गवतात नेऊन टाकले. सबंध वर्षभर मी तिथे पडून होतो. ऊन खाल्ले, पाऊस अंगावर घेतला, पाठीवर गंज चढला, एका सरड्याने माझ्या पोटाखाली घर केले. एकदा मालक म्हणाले, "हे अजून इथंच? किती दिवस?"

"निजू द्या साहेब त्याला," रघुनाथराव म्हणाले. "आत्ता उठवलं, तर जन्मभर वाकडं चालेल."

त्यांचे म्हणणे अगदी शास्त्राला धरून होते. ओतलेले लोखंड सगळीकडे एकाच वेळी थंड होत नाही. पातळ भाग आधी आवळतो, जाड भाग मागून. त्यामुळे बाहेरून शांत दिसणाऱ्या लोखंडाच्या आत ओढाताण चालू राहते. दिवसाच्या उन्हाने आणि रात्रीच्या गारव्याने ती हळूहळू सैल पडते. त्याआधीच तासले, तर आज सरळ दिसणारी पाठ काही महिन्यांनी वाकते. म्हणजे माझे ते पहिले वर्ष वाया गेले नव्हते. ते माझ्या घडणीतलेच एक काम होते. फक्त ते चालू असताना मला कोणी हात लावत नव्हते.

पुढे मला मेटगळ्ळीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये फत्तेसिंगरावांनी आणले. त्यांचे पणजोबा म्हैसूरच्या घोडदळात शिलेदार होते. घरात त्यांची तलवार होती आणि मराठी होती. दोन्ही फत्तेसिंगरावांनी जपल्या, मात्र मराठीवर कानडीचा बराच मुलामा चढला होता. "पणजोबा घोड्यावर, मी लेथवर," ते म्हणत. "घोडं लाथ मारतं, लेथ मारत नाही. एवढीच प्रगती."

त्या वर्षांत आम्ही काय काय केले! उसाच्या चरकाचे रोळ केले, विहिरीच्या पंपांचे दांडे केले, एका वीणा बनवणाऱ्या कारागिराला पितळी खुंट्या करून दिल्या. प्रत्येक काम नवे होते. नवे काम आले की फत्तेसिंगराव आधी शेडच्या भिंतीवर खडूने चित्र काढत, मग हात पाठीमागे बांधून त्या चित्रासमोर बराच वेळ नुसते उभे राहत. बघणाऱ्याला वाटे, हा माणूस काहीच करत नाही. मला ठाऊक होते, काम तेव्हाच चालू झालेले असे.

त्यांची मुलगी वनजा माझ्याच पायाशी वाढली. एका मोठ्या यंत्राच्या बेअरिंगमधून निघालेला लहान लिंबाएवढा पोलादी गोळा हे तिचे खेळणे होते. ती तो माझ्या पाठीवर सोडून देई आणि तो कुठे घरंगळतो का ते बघे. गोळा जागचा हलत नसे. "अप्पा, लेथ सपाट आहे!" ती ओरडे. ती मोठी झाल्यावर गोळा माझ्या खणात गेला आणि वनजा हायस्कुलात गेली.

मग बुशांची वर्षे आली. दांडा ज्या पितळी बांगडीत फिरतो, तिला बुश म्हणतात. एका कारखान्याला ती हवी होती, रोज चारशे, सगळी सारखी. एकाच मापाची, एकाच आकाराची, सात वर्षे. मी सकाळी सहाला सुरू होई, ते रात्र पडली तरी थांबत नसे. भिंतीवरचे खडूचे शेवटचे चित्र पुसट होत होत नाहीसे झाले. त्याच्या जागी कॅलेंडर आले. माझ्या अंगावरचा कीस आठवडाभर कोणी झाडत नसे. तेल संपे तेव्हाच मिळे. माझा स्वभावही बदलला. मला खरखर लागली, आणि चारशेपैकी वीस-वीस बुशे परत येऊ लागली. ती भरून काढायला फत्तेसिंगराव आणखी उशिरापर्यंत थांबत. तेही माझ्यासारखेच खरखरीत बोलू लागले होते.

सगळ्यांत वाईट गोष्ट खंडेनवमीला झाली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी म्हैसुरात घरोघरी, दुकानोदुकानी, बसगाड्यांनासुद्धा आयुधपूजा होते, हे तुम्हांला माहीत असेल. फत्तेसिंगरावांकडची मंडळी मात्र तिला अजून खंडेनवमीच म्हणतात. त्यांच्या घरचा नियम कडक होता: तलवार म्यानातून काढायची, पुसायची, सगळ्या हत्यारांबरोबर मांडायची, पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही. आणि पूजेआधी हत्यार रिकामे करायचे. पण बुशांच्या वर्षांत ती पूजा पाच मिनिटांवर आली. कालचे बुश तसेच माझ्या जबड्यात धरलेले, आणि वरून एक झेंडूचे फूल टाकलेले. फत्तेसिंगरावांच्या पत्नी भवानीबाई दरवर्षी ते बघत आणि ओठ घट्ट मिटून घरी जात.

एकोणीसशे शहाऐंशी साली, नवरात्राच्या थोडे आधी, बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीतून एक लामा आले. त्यांचे नाव सोनम. त्यांच्या गोंपाच्या, म्हणजे मठाच्या, अंगणात एक नवे प्रार्थनाचक्र बसायचे होते: माणसाएवढे उंच तांब्याचे पिंप, आत मंत्र लिहिलेल्या कागदांच्या गुंडाळ्या, आणि मधोमध एक पोलादी दांडा. पिंप तयार होते. दांडा हवा होता. जुन्या चक्राचा दांडा खालून झिजला होता, चक्र करकरत असे आणि म्हाताऱ्यांना ते ढकलवत नसे.

लामा कानडी छान बोलत. त्यांनी तर्जनी वर केली. "ओंदु बेरळु साकागबेकु," ते म्हणाले. एक बोट पुरलं पाहिजे. "आमच्याकडे ऐंशी वर्षांची एक आजी आहे. तिबेटातून पायी आली. तिच्या एका बोटानं चक्र फिरलं पाहिजे."

सोबत त्यांनी घडीव पोलादाची एक जाड सळई आणली होती, माणसाहून उंच. तेवढी एकच. पौर्णिमेला चक्राची प्रतिष्ठापना होती, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक येणार होता. फत्तेसिंगरावांनी सळईवरून हात फिरवला, आणि सात वर्षांनी मला त्या हाताचा जुना स्पर्श आठवला. ते हो म्हणाले. पण लामा गेल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली. सात वर्षे बुशांशिवाय काहीच न केलेला हात हे करू शकेल का? सळई एकच होती. बिघडली, तर दुसरी नव्हती.

त्यांनी भिंतीसमोर उभे राहायला वेळ घेतला नाही. कॅलेंडर तसेच राहिले. त्यांच्या डोक्यात बुशच होते, म्हणून त्यांनी तळाशीही बुशच ठरवले: दांड्याचे खालचे टोक साठ मिलिमीटरवरून तीस मिलिमीटरपर्यंत बारीक करायचे आणि ते पितळी बुशात, सपाट चकतीवर उभे करायचे. बी.एस्सी. होऊन नुकतीच घरी आलेली वनजा म्हणाली, "अप्पा, सपाट चकतीवर एवढं वजन घासणार. घर्षण मध्यापासून जितकं लांब, तितकं चक्र जड होणार. एक बोट पुरायचं नाही."

"मग काय करू सांग."

वनजाला उत्तर माहीत नव्हते.

रोजच्या चारशे बुशांतून हात मोकळा होईपर्यंत नवमी उजाडली. दुपारपर्यंत आम्ही सळईची जाड साल काढून टाकली होती. फत्तेसिंगराव घाईने मोठमोठे कट घेत होते. निळे पडलेले पोलादाचे छिलके माझ्या पायाशी साचले होते. वरच्या टोकाचे माप साठ हवे होते. वनजाने मायक्रोमीटर लावला. "साठ पूर्णांक दोन शतांश."

"झालं तर. एक हलका कट, आणि साठ."

वनजाने दांड्यावर तळहात ठेवला आणि झटकन काढला. "अय्यो! अप्पा, हात ठेववत नाही! हे माप खोटं आहे."

"मायक्रोमीटर खोटा?"

"मायक्रोमीटर खरा. लोखंड फुगलंय." तिने माझ्या झाकणावर खडूने भराभर गुणाकार मांडला. "हे बघा. थंड झालं की हे आपोआप अडीच शतांश आवळणार. आत्ताच साठ झालंय, उलट किंचित कमीच. आणखी कट घेतलात, तर वरच्या बेअरिंगमध्ये खुळखुळेल."

"बावीस वर्षं लोखंड कातलंय मी, मगळे, पोरी."

"बावीसातली सात पितळ कातलंत."

हे त्यांना लागले. हत्यार मागे घेत ते म्हणाले, "बरं. ते टोक थंड होऊ दे. तोवर खालचं बारीक करून टाकतो." आणि त्यांनी हत्यार खालच्या टोकाशी आणले.

मित्रांनो, मला बोलता येत असते, तर मी त्या क्षणी ओरडलो असतो. बारीक केलेले लोखंड पुन्हा जाड होत नाही.

तेवढ्यात भवानीबाई आल्या. एका काखेत कोहळा, दुसऱ्या हातात तलवार, मागे रिक्षावाला झेंडूच्या माळा घेऊन.

"झालं का रिकामं?"

"दोन तास थांब."

"दोन तासांनी मुहूर्त सरतो."

"मग पूजा कर तू. यंत्रावर बांधलेला जॉब असाच राहू दे. उतरवला, तर परत बांधायला अर्धा दिवस जातो. उद्या सकाळी आरती झाली की कातायला लागतो."

भवानीबाईंनी कोहळा खाली ठेवला. "सात वर्षं बघते आहे मी. छातीवर ओझं ठेवून कुणाला झोप लागते काय हो? तुम्हांला लागते?"

फत्तेसिंगरावांना खरेच झोप लागत नव्हती.

"आमच्या सासूबाई, तुमच्या अव्वा, काय म्हणायच्या? न पुसता म्यानात घातलेली तलवार वेळेला निघत नाही. नोडी, बघा, ही निघते." त्यांनी सर्रकन तलवार उपसून दाखवली. रिक्षावाला दोन पावले मागे सरला. "का निघते? शंभर वर्षं दर खंडेनवमीला कुणीतरी ती पुसून, मोकळी करून ठेवली म्हणून. तुमच्या लेथची पाळी कधी यायची?"

"भवानी, ट्रक परवा येतो! वेळ नाही मला!"

"ठीक. तुम्हांला वेळ नाही. मला आहे." असे म्हणून ज्या बाईने आजवर मला फूल वाहण्यापलीकडे हात लावला नव्हता, तिने पदर खोचला आणि दांडा आवळून धरणारे माझ्या टोकाचे चाक धरून फिरवायला सुरुवात केली. जोर लावून. उलट्या दिशेने. दांडा सुटायच्या ऐवजी आणखी आवळला.

वनजा खो खो हसू लागली. "आई, तू अप्पांपेक्षा घट्ट करतीयेस!"

"मग सुटतं कुठल्या बाजूला? नुसती हसू नकोस, पदवी घेतलीस ना!"

फत्तेसिंगरावांच्या तोंडाचा कोपरा हलला. मग तेही हसले; फार दिवसांनी हसले. "सर बाजूला, बाई. मोडशील त्याला." त्यांनी चाक योग्य दिशेने फिरवले. दांडा सैल झाला. बापलेकीने तो उचलून दोन लाकडी ठोकळ्यांवर गोणपाट टाकून निजवला. मग फत्तेसिंगरावांनी माझा पट्टा उतरवला, जबडा उघडला, सात वर्षांचा कीस खरवडून काढला आणि मला रॉकेलने पुसून तेल लावले. आधी चिडून पुसत होते. पुसता पुसता त्यांचा हात मऊ झाला.

पूजा झाली. मला हळदकुंकू लागले, तलवार माझ्या पाठीवर ठेवली गेली, शेजारी मायक्रोमीटर, पाने, हातोडे. कुंकू भरलेला कोहळा दारात फुटला. भवानीबाईंनी माझ्या चाकाला कंकण बांधले. "आता उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही. सुम्ने बसायचं."

सुम्ने म्हणजे उगीच, काही न करता. फत्तेसिंगरावांना ते जमेना. दारात चटई टाकून तिघे बसले होते, बाहेर ऊन कलले होते, आणि त्यांची बोटे मांडीवर न दिसणारी चाके फिरवत होती.

"हात सुम्ने ठेवा," भवानीबाई म्हणाल्या आणि त्यांच्या हातात प्रसादाचे पितळी ताट दिले.

त्यांनी हरभऱ्याची उसळ खाल्ली आणि ताट जमिनीवर ठेवले. पूजेतली एक अखंड सुपारी घरंगळत आली होती. ताट नेमके तिच्यावर बसले. ते डगमगले. फत्तेसिंगरावांनी सहज बोटाने कड सावरली. ताट फिरले. त्यांनी बोट काढून घेतले. ताट फिरतच राहिले, काठावरच्या झेंडूच्या पाकळ्यांसकट, आवाज न करता.

त्यांनी पुन्हा एका बोटाने ढकलले. पुन्हा ते फिरले. त्यांचे डोळे त्या ताटावर खिळले. मग ते ताटावरून दांड्याच्या जाड खालच्या टोकाकडे गेले, जे अजून तसेच होते, पुरते साठ मिलिमीटर.

"वनजा," ते हळूच म्हणाले, "तुझा गोळा कुठंय?"

आधी वनजाच्या लक्षात आले नाही. मग ती ताडकन उठली. "खणात! अप्पा, एकच गोळा! सगळं वजन मधल्या बिंदूवर! घर्षण लांब नाहीच!"

ते उठले आणि माझ्या खणाकडे आले. हात पुढे झाला.

"उद्या!" भवानीबाई बसल्या जागेवरून गरजल्या.

"अगं, नुसता गोळा बघतो."

"उद्या."

"मग भिंतीवर चित्र तरी..."

"खडू आयुध आहे की नाही?"

"आई, खडू कसलं आयुध?" वनजा म्हणाली.

"आज आहे."

फत्तेसिंगराव परत येऊन बसले. कल्पना डोक्यात, हात मांडीवर. दुसरा मार्ग नव्हता. पण गंमत अशी, की ती कल्पनाही रात्रभर निजली आणि सकाळी अधिक शहाणी होऊन उठली. दसऱ्याला भवानीबाईंनी कंकण सोडल्यावर त्यांनी कॅलेंडर काढले आणि खडूने जे चित्र काढले, त्यात गोळ्याखाली एक वाटी होती आणि वाटीत तेल होते. "कालच हात लावला असता, तर कोरडाच बसवला असता," ते म्हणाले.

गार झालेला दांडा वनजाने मोजला. एकोणसाठ पूर्णांक नऊशे पंच्याण्णव सहस्रांश. बेअरिंगला अगदी चालणारे. तिने तो आकडा माझ्या झाकणावरच्या गुणाकाराखाली लिहिला आणि त्याला दुहेरी रेघ मारली. मग आम्ही कामाला लागलो. शहरातले सगळे लोक हत्तीवरची अंबारी बघायला गेले होते; आम्ही तिघे, वनजा, फत्तेसिंगराव आणि मी, दांड्याच्या टोकात गोळ्यासाठी खळगा आणि त्याखालची वाटी कोरत होतो. टोक तीसवर आणले असते, तर तो खळगा मावला नसता. माझी खरखर गेली होती. त्या दिवशी माझ्याकडून जितके सुरेख काम झाले, तितके त्याआधी सात वर्षांत झाले नव्हते. संध्याकाळी गोळा वाटीत बसला. दुसऱ्या सकाळी ट्रक आला.

चक्र मी पाहिलेले नाही. पण पौर्णिमेच्या सोहळ्याहून परत आल्यावर वनजाने मला पुसता पुसता सगळे सांगितले. पिंप दांड्यावर चढले, सगळे लोक बाजूला झाले, आणि ती आजी पुढे आली. तिने एक बोट लावले. चक्र सरकले. तिला वाटले, कोणीतरी मागून ढकलते आहे, म्हणून तिने वळून पाहिले. मागे कोणी नव्हते. मग तिने बोट काढून घेतले आणि चक्र तिच्याशिवायच सावकाश, निःशब्द फिरत राहिले. आजी तोंडाला बाही लावून लहान मुलीसारखी हसली.

लामांनी फत्तेसिंगरावांना विचारले, "हे कसं सुचलं?"

"सुम्ने कूतिद्दे," ते म्हणाले. उगीच बसलो होतो.

लामा मोठ्याने हसले. "अहो, तेच शिकायला तर आम्ही आख्खा जन्म घालवतो!"

त्यानंतर आमच्या शेडमध्ये रोज तीनशेच बुशे होऊ लागली. संध्याकाळी सहाला मी रिकामा होई. परत येणारी बुशे वीसवरून दोनवर आली. वनजाने त्याचा तक्ता करून भिंतीवर लावला, आणि उरलेल्या भिंतीवर पुन्हा खडूची चित्रे आली.

आता फत्तेसिंगराव नाहीत, भवानीबाईही नाहीत. शेड वनजाबाई चालवतात. शेजारी आकड्यांवर चालणारे नवे यंत्र आहे. ते माझ्यापेक्षा पुष्कळ भराभर काम करते. पण त्याच्याजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाला बाईंनी एक गोष्ट शिकवली आहे: घरी जाताना बटण दाबायचे, मग जबडा उघडायचा, जॉब उतरवायचा, पुसायचे, आणि मगच दिवा घालवायचा.

मित्रांनो, माझी विनंती तेवढीच आहे. यंत्र असो, वाद्य असो, की तुमचे स्वतःचे डोके असो. नुसते बंद करू नका, मोकळे करा. अर्धे काम छातीवर घेऊन झोपणाऱ्याला विश्रांती मिळत नाही. आणि ज्याला विश्रांती नाही, त्याला आपल्याच ताटाखालची सुपारी दिसत नाही.

ती सुपारी अजून माझ्या खणात आहे, पूर्वी गोळा असायचा त्याच जागी. दर खंडेनवमीला वनजाबाई ती काढतात, चटईवर ठेवतात, तिच्यावर पितळी ताट ठेवतात आणि एक बोट लावतात. मग हात मांडीवर ठेवून ते थांबेपर्यंत बघत बसतात. मीही बघतो. आम्हां दोघांनाही घाई नसते.